वक्फची बोर आणि तिची राखण

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. बोरीला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.

ही बोर एका हत्तिणीने मरताना अल्लाहच्या नावाने वक्फ केली होती. म्हणजे झाड कुणी विकायचं नाही, फळं मात्र गरजूंची. राखण कासवचाचांच्या समितीकडे. समिती रोज झाडाखाली बसून गरिबीवर विचार करी. विचार करताना भूक लागते, म्हणून बोरंही खाई.

तस्लीम खारीने हा नियम लहानपणापासून ऐकला होता. पण तिच्या अम्मीने लांडग्याकडून दाणे घेतले होते. दाणे फेडले, व्याज उरलं. संध्याकाळपर्यंत टोपलीभर बोरं दिली नाहीत, तर राहती ढोली लांडग्याची.

तस्लीम समितीपुढे उभी राहिली. "चाचा, दोन टोपल्या बोरं उसनी द्या. एकीने ढोली सोडवते. दुसरीचं बोरकूट करून विकते. पुढच्या हंगामात दोन्ही परत."

"बेटी, ही बोरं गरिबांची आहेत," कासवचाचा म्हणाले.

"मग मी कोण?"

"गरीब असं तोंड वर करून बोलत नाहीत," समितीतले घुबडमामू म्हणाले. "बरं, जामीन आण."

"कुणाचा?"

"लांडग्याचा. भला माणूस. आपला भाडेकरू आहे."

तस्लीमने मागे वळून पाहिलं. लांडग्याचं व्याजाचं दुकान बोरीच्याच सावलीत होतं.

"भाडं किती देतो?"

"वर्षाला एक बोर. अगदी वेळेवर!"

"कुठून आणतो?"

घुबडमामूंनी नकळत वर पाहिलं.

कासवचाचा खाकरले. "मोठ्यांना सवाल करतेस? माफी माग. मग जुम्म्याला सगळ्यांसमोर तुला मूठभर बोरं देऊ. फोटो काढू."

"माफी नाही मागणार. भीकही नको. उसनं मागितलंय, उसनंच नेणार."

ती सरसर वर चढली आणि फांदी हलवू लागली. बोरांचा सडा पडला. दोन टोपल्या भरून तिने विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

कुणी बोललं नाही. तोंडात बोरं असली की बोलता येत नाही. संध्याकाळी ढोली सुटली, आणि पुढच्या हंगामात दोन्ही टोपल्या बोरीखाली परत आल्या.

तात्पर्य: गरिबांसाठी ठेवलेल्या झाडाजवळ गरिबांना फिरकू देऊ नये. ते फळं नेतात, वर परतही आणून देतात. मग समितीने विचार कशावर करायचा?