कमरबीच्या माळवदावरची रेंज

पुण्याहून मुलाचा, आवेजचा फोन आला की कमरबी हातातलं काम टाकून शिडी चढायच्या आणि त्यांचे पती रज्जाकभाई बाजेवरून उठून, भिंतीला धरत, माळवदाच्या भोकाखाली येऊन उभे राहायचे. मातीच्या सपाट छतातलं ते भोक उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी ठेवलेलं. पण त्या काळात त्यातून खरी ये-जा चालायची ती पुण्याच्या बातम्यांची. वर कानाला फोन लावलेल्या कमरबी, खाली मान वर केलेले रज्जाकभाई आणि तिकडे पुण्यात आवेजची मुलगी, तीन वर्षांची समरा. तिच्या घरी आजोबांना दादा म्हणतात आणि आजीला दादी.

"काय म्हणती?" रज्जाकभाई खालून ओरडायचे.

"साळंत पडली म्हणती!"

"लागलं का इचार की!"

"दादा इचारतोय, लागलं का? ... न्हाय लागलं म्हणती!"

"एवढा येळ बडबडली आन तू मला दोनच शब्द दिलंस व्हय?"

"बाकीचं माझ्यासाटी हुतं!"

बोरमाळ हे गाव मोडनिंबपासून दहा-बारा किलोमीटर आत, दोन माळांच्या मधल्या खोलगट जागेत वसलेलं. मोबाइलची रेंज गावाच्या डोक्यावरून निघून जायची. ती उतरायची फक्त एका ठिकाणी, रज्जाकभाईंच्या माळवदाच्या वायव्य कोपऱ्यात. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्या कोपऱ्यात गावाने दोन खुंट्या ठोकून दोरी बांधली होती आणि दोरीवर बारा-चौदा फोन, ज्याच्या त्याच्या पिशवीत, दिवसभर टांगलेले असायचे. फोन वाजला की कोणाचा ते कमरबी चुलीपुढे बसून आवाजावरून सांगायच्या आणि दारातून हाक द्यायच्या. हाक ऐकून त्या घरची बाई कणकेच्या हातानेच धावत यायची. त्या कोपऱ्यात गावाने नातवंडं झाल्याचे पेढे वाटले, बदल्या रद्द झाल्याचं ऐकलं आणि मुंबईच्या मावशीच्या जाण्याची बातमी ऐकून तिथेच बसून एकमेकांना पाणी पाजलं. कोणाचं काही लपून राहत नसे, म्हणून कोणी काही लपवतही नसे. आता ते आठवलं की गाव हसतं, पण जरा थांबून.

एवढ्या सगळ्या गावात फोनवर बोलता न येणारा माणूस एकच, तो म्हणजे त्या घराचा मालक. रज्जाकभाईंनी बावीस वर्षं अकलूजच्या डेअरीला दुधाचा टेम्पो चालवला आणि क्लच दाबून दाबून गुडघे पार घालवले. एकदा चौघांनी त्यांना शिडीवरून वर ढकलायचं ठरवलं, तर तिसरी पायरी मोडून चौघे आणि रज्जाकभाई एकमेकांच्या अंगावर आले. एकदा रावजी सरपंचांनी त्यांना जीपमध्ये घालून मोडनिंबला रेंजमध्ये नेलं. समरा नेमकी झोपली होती. फोन कोपऱ्यातून भोकापाशी आणावा, तर रेंज तुटायची. ती बोलायला लागल्यापासून तिकडून कोणाचं येणं झालं नव्हतं. आवेजला सुट्टी मिळत नव्हती.

"मला पैसा नको, पानी नको," रज्जाकभाई म्हणायचे, "त्या पोरीनं मला एकडाव दादा म्हनावं आन ते मी ह्या कानानं ऐकावं. बास."

म्हणून टॉवरसाठी सगळ्यात जास्त अर्ज त्यांचेच. पाचव्या अर्जाला उत्तर आलं की पाहणीसाठी साहेब येणार, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

साहेब बुधवारी सकाळी अकराला येणार होते. पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय आणि जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही बोरमाळची रीत. पण पाहुण्याला बसवायचं कुठे? शाळेच्या खोलीत पोरं, देवळाच्या मंडपात सिमेंटची पोती. वारा लागेल अशी, झाडलेली, सारवलेली, गावातली सर्वांत चांगली जागा एकच. रावजी सरपंचांनी तिथे सतरंजी अंथरली, दोन खुर्च्या दोरीने वर ओढून घेतल्या आणि साहेबांना मानाने माळवदावर चढवलं.

साहेबांचं नाव विरेश. माणूस तरुण, सभ्य आणि दिवसाला चार गावं करायची असल्यामुळे घाईत. सरपंच मागे उभे राहून फेटा बांधत होते, त्यामुळे साहेबांना मान हलवता येईना. त्यांनी मान ताठ ठेवूनच पेटीतून रेंज मोजायचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. यंत्राने आनंदाने आवाज केला.

"अरे वा," साहेब म्हणाले. "रेंज तर उत्तम आहे तुमच्याकडे!"

फेट्याचा शेवट सरपंचांच्या हातातच राहिला. तेवढ्यात मागच्या दोरीवरचे तीन फोन एकदम वाजले.

"साहेब, ही रेंज हितंच असती," सरपंच घाईघाईने म्हणाले. "खाली कुटंच न्हाय."

"इथे म्हणजे कुठे?"

"ह्या कोपऱ्यात."

"हे घर गावाच्या मध्यभागी आहे ना? फॉर्ममध्ये लिहिलंय, गावाच्या मध्यभागी नोंद घ्यावी. घेतली."

"आवो, पर तुमाला हितं आमीच बसवलंय की!"

"बसवलंत म्हणून तर बरं झालं," साहेब म्हणाले. त्यांनी फोनवर चार ठिकाणी बोट टेकवलं. "अहवाल गेलासुद्धा. रेंज असली की काम कसं पटकन होतं बघा."

पाहुण्याला चांगल्या जागी बसवण्याचा असा फटका गावाला कधी बसला नव्हता. सरपंच फेटा पुन्हा सोडून बांधायला लागले, निदान तेवढा वेळ तरी साहेब थांबतील म्हणून.

भोकाखाली उभ्या असलेल्या रज्जाकभाईंनी हे सगळं ऐकलं होतं. रागाने त्यांचा तोल सुटला.

"ए कमर! त्या सायबाला म्हनावं, खुर्चीवर बसून काय रेंज बघतोस? हिंमत आसंल तर खाली ये!"

साहेबांनी चमकून भोकाकडे पाहिलं. "काय म्हणतायत ते?"

दोन वर्षांची सवय कमरबींच्या कामी आली. "म्हनत्यात, सायब दमलं असतील. जेवायला खाली या."

"आन म्हनावं, हितं येऊन लावून दाव तुझा फोन!"

"म्हनत्यात, भाकरी गरम हाय, निवायच्या आत या."

साहेबांनी सकाळपासून फक्त चहा घेतला होता. ते फेट्यासकट शिडी उतरले.

साहेब शाकाहारी आहेत हे आधीच कळवलेलं असल्यामुळे जेवण सरपंचांच्या घरून आलं होतं. सरपंचांच्या पत्नी बजाबाई आणि कमरबी दोघींनी मिळून वाढलं. पिठलं, शेंगांची चटणी, दही आणि तव्यावरून थेट ताटात पडणारी ज्वारीची भाकरी. रज्जाकभाई समोर बसले होते ते भांडायच्या तयारीने. पण साहेब दुसऱ्या भाकरीला म्हणाले, "माझी आई अशीच चटणी करायची," आणि रज्जाकभाईंना पुढे भांडणच सुचेना. त्यांनी स्वतःच्या ताटातली चटणी साहेबांच्या ताटात सरकवली. चार भाकरी झाल्या. मग साहेबांनी जरा पाठ टेकली, ती रज्जाकभाईंच्या बाजेवर, आणि दीड तास घोरले.

यंत्राची पेटी वर राहिली होती. ती घ्यायला साहेब शिडी चढले आणि कोपऱ्यात पाय पडताच त्यांचा फोन थरथरायला लागला. सतरा वेळा येऊन गेलेला मोठ्या साहेबांचा फोन अठराव्यांदा आला. मोठे साहेब इतक्या जोरात बोलत होते की भोकाखालीसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

"दोन तास झाले! फोन का लागत नाही तुमचा?"

"सर, मी खाली होतो. खाली रेंज..." आणि विरेश साहेबांनी जीभ चावली.

"रेंज काय? बोला! तुमचाच अहवाल आहे माझ्यासमोर. बोरमाळ, गावाच्या मध्यभागी, रेंज उत्तम! म्हणजे एक तर तुम्ही फोन बंद करून झोपला होतात, नाहीतर हा अहवाल खोटा आहे. काय लिहू?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सरपंच दोरीवरच्या पिशव्या मोजत होते. बजाबाई पदराआड हसत होत्या.

"सर," साहेब म्हणाले, "अहवाल... अपुरा आहे. पूर्ण करून पाठवतो."

मग साहेब फेटा बांधलेल्या डोक्याने, हातात यंत्र धरून, सगळं गाव पायी हिंडले. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी, ओढ्यापलीकडची वस्ती. अकरा ठिकाणी नोंद घेतली, अकराही ठिकाणी यंत्र मुकं. शेवटची नोंद त्यांनी रज्जाकभाईंच्या बाजेवर बसून घेतली. अहवाल पाठवायला मात्र पुन्हा वर जावं लागलं.

आठ महिन्यांनी टॉवर उभा राहिला. ज्या दिवशी तो चालू झाला, त्या दिवशी संध्याकाळी एक एक जण येऊन दोरीवरची आपली पिशवी सोडून घेऊन गेला. प्रत्येक जण कमरबींना म्हणाला, "चाची, लई तरास दिला तुमाला." कमरबी प्रत्येकाला म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची." दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उगाच वर जाऊन बसल्या. शिडीच्या पायऱ्यांच्या आवाजासाठी कान लावला. कोणी आलं नाही. गावातली माणसं मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने घरात बसूनही ओरडूनच बोलत होती, त्यामुळे बातम्या कळायच्या राहिल्या नाहीत. पण पाणी पाजायला कोणी समोर नव्हतं, आणि ते कमरबींना फार लागलं.

रविवारी आवेजचा फोन आला. या वेळी तो रज्जाकभाईंच्या उशाशी वाजला. त्यांनी दाढी केली होती, टोपी घातली होती. कमरबींनी फोनचं मोठ्या आवाजाचं बटण दाबून दिलं. रज्जाकभाईंनी घसा साफ केला.

"समरा! बेटा, मी दादा बोलतोय!"

पलीकडून बारीक आवाज आला, "अब्बू, हे कोण आहेत?"

"अगं, दादा आहेत," आवेज तिकडून म्हणाला. "बोल ना."

"नाही. माझे दादा असं नाही बोलत," समरा म्हणाली. "माझे दादा दादीच्या आवाजात बोलतात."

रज्जाकभाईंच्या हातातला फोन हळूहळू गादीवर टेकला. पाच अर्ज, एक टॉवर, आणि नातीच्या लेखी ते कोणीतरी ओरडणारे गृहस्थ. त्यांनी कमरबींकडे पाहिलं. कमरबींना हसू आलं आणि रडूही आलं.

"तूच बोल," ते म्हणाले. "इचार, जेवलीस का म्हनावं. आन आज मधलं शबुद खाऊ नकोस."

कमरबींनी फोन तोंडाजवळ धरला. "समरा, दादा इचारतोय, जेवलीस का?"

"दादाऽऽ!" पलीकडून किंकाळी आली. "दादा, मी आंबा खाल्ला!"

आणि रज्जाकभाईंनी ती हाक, बाजेवर बसल्या जागी, स्वतःच्या कानांनी ऐकली.