इंदूकाकूंना कुणी टोकत नाही

इंदूकाकू घराबाहेर पडत असताना त्यांना "कुठे निघालात?" असं विचारलं, की त्या परत घरात जातात. बूट काढतात, पर्स टेबलावर ठेवतात, खुर्चीत बसतात, पेलाभर पाणी पितात आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा निघतात. निघालेल्या माणसाला टोकलं की त्याचं काम होत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू मूळच्या मिरजेच्या, आणि मिरजेत हे ठीक आहे हो. पण आमचं गाव कॅनडातल्या मॅनिटोबात आहे, आणि इथे जानेवारीत बूट, कोट, टोपी, मोजे हा सगळा संसार अंगावर चढवेपर्यंत माणसाला घाम फुटतो. तो उतरवून पाणी प्यायला परत जाणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

काकू इथे आल्या त्या डॉक्टरांची बायको म्हणून. त्या काळी गावात डॉक्टर टिकत नव्हता आणि जोगळेकर डॉक्टर टिकले. गावातल्या अर्ध्या लोकांचा जन्म त्यांच्याच हातून झालाय. त्यामुळे काकूंचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. पोस्टातली बाई, बर्फ काढायच्या गाडीवरचा माणूस, चर्चचे पाद्री, सगळ्यांना त्यांनी वळण लावलंय. कुणाच्या तोंडून चुकून "व्हेअर आर यू ऑफ टू" निघालं, की काकूंचं बोट वर. "नो व्हेअर! नॉट गुड! आस्क मी व्हेन आय विल कम बॅक!"

आम्ही इथे आलो ते पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, लवकर मिळतो म्हणून. मी नागपूरची, गावातल्या एकुलत्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. नवरा नितीन बेसमेंटमध्ये बसून टोरंटोच्या कंपनीचं काम करतो. डॉक्टरकाका आम्ही यायच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले, त्यांना मी पाहिलंही नाही. काकूंची मुलगी मेधा टोरंटोजवळ ब्रॅम्पटनला. म्हणजे गावात मराठी म्हणाल तर आम्ही दोघं आणि काकू. आणि इथेच माझं दुर्दैव सुरू झालं, कारण काकूंनी काहीही केलं की लोक माझ्याकडे बघायचे.

"तुलाही पाणी प्यावं लागतं का?" मॅनेजरने मला पहिल्याच आठवड्यात अगदी अदबीने विचारलं.

"छे छे! आमच्याकडे असलं काही नसतं," मी म्हटलं. आता माझ्या आईनेही मला हेच शिकवलंय, पण मी ते तिथे कबूल करणार होते थोडीच!

गावाबद्दल सांगायला हवं. मोठा रस्ता एकच. तो धान्याच्या कोठारापासून निघतो आणि सरळ अमेरिकेच्या नाक्यावर जाऊन थांबतो. नाका दिवसाच उघडा असतो, संध्याकाळी फाटक बंद. बाकी सीमा म्हणजे शेतातून गेलेले पांढरे खांब. आमच्या शेजाऱ्याचा कुत्रा रोज सकाळी अमेरिकेत जाऊन घाण करून येतो, त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. माणसाने मात्र खांबापलीकडे पाऊल टाकलं की गस्तीची गाडी आलीच म्हणून समजा. हल्ली तर कॅमेरेही लावलेत. नाक्यापलीकडे एक पेट्रोल पंप आणि एक पार्सलचं दुकान, एवढीच ती अमेरिका. गावातले लोक तिकडच्या पत्त्यावर वस्तू मागवतात आणि जाऊन घेऊन येतात.

माझंही असंच एक पार्सल आलं होतं. आमची गाडी विंटर टायर्स घालायला दिलेली. काकू म्हणाल्या, "चल, मी नेते." मी बसले. देवा, का बसले!

नाक्यावरच्या अमेरिकन पोराने खिडकीत वाकून विचारलं, "कुठे चाललात?"

काकूंनी काच वर केली. थर्मासमधलं पाणी ओतून घेतलं, डोळे मिटून सावकाश प्यायल्या आणि हात जोडून बसल्या. मागे धान्याचा ट्रक. त्याने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दाबूनच धरला. मी सीटमध्ये खाली खाली सरकत होते. मग काकूंनी काच उतरवली. "हं, आता विचार. फक्त व्हेअर नको."

पोराला सवय असावी. "परत कधी येणार, मिसेस जोगळेकर?"

"हा चांगला प्रश्न!" काकूंचा चेहरा उजळला. "हाफ अवर. दूध घेणार, हिचं पार्सल घेणार, आणि येणार."

"गाडीत खाण्याचं काही?"

आता लोक या प्रश्नाला "नो" म्हणतात. देवाधर्माची माणसंही म्हणतात. काकूंनी पर्स उघडली. एक लिंबू निघालं, ताजं फळ पलीकडे चालत नाही म्हणून ते त्याने काढून घेतलं. अर्धी चकली. डब्यात पोहे, "विथ करी लीव्ह्ज. बट दे आर फ्राइड. दे आर डेड." गुडघ्यातला स्टीलचा सांधा, "फ्रॉम विनिपेग." हातातल्या बांगड्या, त्यातल्या कोणत्या सासूच्या आणि कोणत्या स्वतःच्या, हेसुद्धा.

"आणखी काही?"

"येस. धिस गर्ल हॅज फॉट विथ हर हजबंड. ओव्हर शोव्हलिंग."

अहो, बर्फ कुणी उपसायचा यावरून झालेलं हे भांडण मी त्यांना गाडीत विश्वासाने सांगितलं होतं! त्या पोराने माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं की धरणी दुभंगली असती तर मी सीटबेल्टसकट आत गेले असते.

"काकू, हे कशाला सांगितलंत?"

"त्याने विचारलं ना, आणखी काही? विचारल्यावर लपवायचं होय?"

तर अशा काकू. त्या आमच्या दुकानात यायच्या तेव्हाही हेच. उरलेल्या गोळ्या काउंटरवर ठेवून, मागची रांग ऐकत असताना, पोट साफ होण्याचा सगळा वृत्तांत. शेवटी फळीमागे औषधं लावताना त्यांचा आवाज आला की मी कानकोंडी व्हायला लागले. कधी कधी तर मागच्या खोलीत जाऊन उभी राहायचे आणि मॅनेजरला पुढे पाठवायचे. आपली म्हणायला अख्ख्या गावात एक बाई, आणि तिच्यापासून मी लपत होते.

नोव्हेंबरात मेधाचा फोन आला. "अश्विनी, आई रोज बॉर्डर क्रॉस करते म्हणे. शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. पलीकडे जाते, पंपाच्या आवारात गाडी वळवते आणि परत येते. खाली उतरतसुद्धा नाही. शी'ज सेव्हंटी-एट. मला भीती वाटते गं, विसरायला लागली असेल का ती? आणि आता तिकडे किती स्ट्रिक्ट झालंय! कुणी आत बसवून ठेवलं तर? तू प्लीज बघ ना, ती करते काय."

मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, "मलाही पलीकडे काम आहे, येऊ का?" काकूंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बस."

त्या दिवशी नाक्यावर नवा माणूस होता. काकूंचा पासपोर्ट त्याने मशीनखाली धरला, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं. "कुठे चाललात?"

काकूंनी काच वर केली.

झालं! त्याने हाताने खूण करून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आम्हाला दोघींना आत नेलं. आत दोन खुर्च्या, एक काउंटर, भिंतीवर झेंडा. माझा पासपोर्ट अजून भारताचा, त्यावर अमेरिकेचा व्हिसा, तो रद्द केला तर पुढच्या वर्षी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला टेक्ससला कशी जाणार? मला त्या क्षणी काकूंचा इतका राग आला म्हणून सांगू!

तो माणूस उद्धट नव्हता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोज येता. दहा मिनिटांत परत जाता. काही घेत नाही, कुणाला भेटत नाही. तुम्ही नेमकं कशासाठी येता?"

काकूंनी हातमोजा काढून पुन्हा घातला.

काकू गप्प बसलेल्या मी प्रथमच पाहत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं. "काकू, दूध सांगा. दूध म्हणा ना!"

"दूध घ्यायला येत नाही गं मी," त्या हळूच म्हणाल्या. "सुरुवातीला घ्यायचे. एकटीला किती दूध लागतं?"

"अहो पण काहीतरी सांगा! पेट्रोल सांगा!"

त्या मान खाली घालून हातमोज्याची बोटं ओढत राहिल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. सगळ्या गावासमोर पोटाच्या तक्रारी सांगताना जी बाई तसूभर लाजली नाही, ती त्या परक्या माणसासमोर शरमेने खाली बघत होती. मग त्या इंग्रजीत बोलल्या, अगदी हळू. तो माणूस ऐकायला पुढे वाकला.

"माझे मिस्टर मला रोज टोकायचे. मी दाराशी गेले की खुर्चीतून विचारायचे, कुठे? मुद्दाम. मी चिडायचे, परत येऊन बसायचे, पाणी प्यायचे. मग ते हसायचे. म्हणायचे, बसलीस ना पाच मिनिटं माझ्याजवळ? आता मला कुणी विचारत नाही. गावाला मीच शिकवलंय, विचारायचं नाही म्हणून. पन्नास वर्षं शिकवलंय. सगळे ऐकतात माझं." त्या थांबल्या. "तुम्ही लोक विचारता. कुठे चाललात, कधी येणार, पिशवीत काय आहे. तुमचं कामच आहे ते. म्हणून मी येते."

मी भिंतीवरच्या झेंड्याकडे बघत राहिले, कारण काकूंकडे बघायची माझी हिंमत नव्हती. दोन मिनिटांपूर्वी मी या बाईला खोटं बोलायला लावत होते, आणि कशासाठी, तर माझ्या व्हिसासाठी. मला माझीच किळस आली.

त्या माणसानेही उगाच पासपोर्ट उघडून बंद केला. "मॅडम," तो म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी. पण सीमा ओलांडायला काहीतरी काम लागतं. हे कारण मला चालवता येणार नाही." त्याने आम्हाला तिथूनच परत पाठवलं. दार उघडून धरलं, गाडीपर्यंत काकूंचा हातही धरला, कारण बाहेर बर्फ निसरडा झाला होता.

आपल्या बाजूच्या खिडकीत नेहमीची मुलगी होती. तिला काय माहीत! तिने हसून विचारलं, "हाय मिसेस जोगळेकर! आज काय काय आहे, एनिथिंग टू डिक्लेअर?"

काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. मांडीवरच्या पर्समध्ये डबा होता, मला माहीत होतं.

"नथिंग," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची गाडी गराजमधून निघालीच नाही. गावाला चुकल्यासारखं झालं. मॅनेजरने मला दोनदा विचारलं, मिसेस जे. बऱ्या आहेत ना? मेधाला मी फोनवर सांगितलं की आई काही विसरत नाहीये, तिला सगळं लख्ख आठवतंय, तेच तर झालंय. मेधा रडायला लागली. पण काकूंकडे जायला माझे पाय उचलत नव्हते. काय तोंड घेऊन जाणार? त्या दिवशी गाडीत त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नव्हता, म्हणून तर जास्त.

रविवारी सकाळी मी खिडकीशी चहा घेत होते. समोर काकूंचं दार उघडलं. कोट, टोपी, वर मफलर, हातात पर्स. पायऱ्या जपून उतरून त्या रस्त्याला लागल्या. पलीकडून शेजारची बाई आली. तिने शिकवल्याबरहुकूम नुसतं "मॉर्निंग!" म्हटलं आणि निघून गेली. काकूही मान हलवून पुढे चालू लागल्या.

मी दार उघडून तशीच चपलांवर बाहेर आले. थंडीने दातावर दात आपटत होते. आयुष्यभर आईने ओठांवर मारून बंद केलेला तो शब्द होता. पण ओरडले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले.

"काकू! कुठे निघालात?"

काकू जागच्या जागी थांबल्या. सावकाश वळल्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला इतक्या लांबून दिसल्या.

"मेले! तुझ्या आईने काही शिकवलं नाही का तुला? चांगली निघाले होते मी! टोकलंस ना?"

"टोकलं खरं."

"आता एवढ्या लांबून पुन्हा घरी जाऊ मी? एवढे बूट काढू?" माझ्या दाराकडे बोट दाखवत त्या आमच्याच पायऱ्या चढू लागल्या. "हो बाजूला. पाणी दे पेलाभर."

नितीन बेसमेंटमधून वर येऊन बघत राहिला. काकूंनी बूट काढले, पर्स आमच्या टेबलावर ठेवली, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. मी चहा टाकला. त्यांनी पर्समधून डबा काढला आणि आपण होऊन सांगायला लागल्या, यात वड्या आहेत, खोबरं जरा खवट झालंय, आणि काल रात्री त्यांना झोप लागली नाही. मी म्हटलं, काकू, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, वडी खा.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. बूट चढवले, मफलर गुंडाळला, दारापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कडीला हात लावून तशाच उभ्या राहिल्या.

"येते हं," त्या म्हणाल्या.

"कुठे?" मी विचारलं.

"अगं बये!" काकू म्हणाल्या आणि वळून पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या.