बॅजवरच्या सात दुपारी

लांबराव उंचीने बेताचाच होता. तरी अख्खं हॉस्पिटल त्याला लांबराव म्हणायचं, कारण दिवसातून पन्नास वेळा त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं: "जरा लांब उभे राहा." एक्स-रेच्या खोलीत पेशंटबरोबर घुसणारे नातेवाईक, चाकाची खाट ढकलत आणणाऱ्या मावशी, सहीला कागद घेऊन आलेला कारकून, कुणालाच सूट नव्हती. विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनासुद्धा त्याने एकदा हात जोडून दाराबाहेर काढलं होतं. आणि बाई निमूटपणे गेल्या होत्या.

त्याचं सगळं शास्त्र तीन बोटांवर मावायचं. पहिलं बोट वेळेचं. किरणांपाशी जितका कमी वेळ काढाल तितकं बरं. दुसरं अंतराचं. दुप्पट लांब गेलात की मार चौथ्या हिश्शावर येतो. तिसरं आडोशाचं. शिशाचा एप्रन घाला, शिशाच्या पडद्यामागे जा, पण उघड्यावर राहू नका. आणि गरजच नसेल तर फोटोच काढू नका, हे तो बोट न उचलता सांगायचा. "किरण दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, चटका बसत नाही," तो म्हणायचा, "म्हणून तर त्यांच्याशी अदबीने वागायचं."

छातीवर खिशाला त्याचा बॅज असायचा, काडेपेटीएवढा. अंगावर किती किरण पडले ते हा बॅज मुकाट्याने साठवतो आणि तीन महिन्यांनी तपासणीला गेला की सगळं ओकतो. गेली बावीस वर्षं लांबरावाचा बॅज काहीही ओकला नव्हता. घरी पाहुणे आले की लोक मुलांचे मार्क सांगतात; याला मूल नव्हतं, हा बॅजचा आकडा सांगायचा. "शून्य," असं म्हणून तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. पाहुणे बिचारे "अरे वा" म्हणायचे आणि पंख्याकडे बघायचे.

त्या वर्षी या शून्याचं चीज व्हायची वेळ आली. हॉस्पिटलला किरणांच्या सुरक्षेसाठी एक अधिकारी नेमायचा होता आणि डॉक्टरबाईंनी लांबरावाचं नाव पुढे केलं होतं. दारावरची पाटीसुद्धा रंगवून तयार होती. शेवटच्या तीन महिन्यांचा बॅजचा अहवाल आला की नेमणूक पक्की. लांबराव कामात चोख असला तरी मनाने भारी स्वप्नाळू होता. अंधाऱ्या खोलीत कुणाच्या बरगड्यांचा फोटो उजेडासमोर धरला की त्याला त्यात नांगरलेलं शेत दिसे, मनगटाची हाडं दिसली की ओढ्यातले गोटे आठवत. आता त्याला हरएक फोटोत आपली पाटीच दिसू लागली.

अशात बायकोच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ डोकं वर काढून बसली. बाई वाळून काटकी झाली, छातीत धडधड, हात बसल्या जागी थरथरायचे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी इलाज सांगितला: आयोडिनची एक गोळी. ही गोळी साधी नव्हे, ती स्वतःच किरण सोडते. गळ्यात जाऊन बसते आणि गाठीला आतून वठणीवर आणते. मात्र सात दिवस बाईंच्या अंगातूनही थोडे किरण बाहेर येतील. तेव्हा निजणं वेगळं, ताट-वाटी वेगळी, आणि घरच्यांनी दोन मीटर लांब राहायचं. लांबरावाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

घरी आल्या आल्या त्याने टेप काढली. पलंगापासून बरोबर दोन मीटरवर फरशीला लाल पट्टी चिकटवली. पट्टीपलीकडे स्वतःची खुर्ची मांडली. पट्टीवर ताट ठेवायचा, मागे सरकायचा, मग बायकोने उठून ते घ्यायचं. बायको बघत राहिली.

"अहो, मला भीती वाटते हो," ती हळूच म्हणाली.

"भीती कसली? आठवड्यात सगळं ओसरतं," तो पट्टीपलीकडून म्हणाला आणि तीन बोटं वर केली.

बायकोने त्या बोटांकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण नवऱ्याने आपलंही पेशंटच्या नातेवाइकासारखं केलं, असं तिला वाटलं.

पुढच्या सात दुपारी लांबराव सकाळची पाळी संपवून तीनला घरी यायचा आणि त्या खुर्चीत बसायचा, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. घरात सगळे म्हणजे बायको एकटीच, आणि ती तीन ते पाच गाढ झोपलेली असायची. आठवड्याने तपासणीला गेली तेव्हा तिने डॉक्टरांना एक तक्रार सांगितली. औषधाने म्हणे तिला रोज दुपारी एकच स्वप्न पडायचं. ती मऊ कापसाच्या ढिगावर पडली आहे, पडद्यातून पिवळं ऊन झिरपतंय आणि शेजारी कुणीतरी बसून तिचा हात मोजतंय, एकेक बोट, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं, "दुपारी भास होतात," आणि झोपेची गोळी दिली.

तीन महिने भरले, बॅज तपासणीला गेले आणि एके सकाळी डॉक्टरबाईंच्या टेबलावर पत्र आलं. लांबरावाचा आकडा शून्य नव्हता. बावीस वर्षांत हॉस्पिटलातल्या कुणाचाच आला नव्हता इतका मोठा आकडा होता तो.

मग काय विचारता. एक्स-रेच्या खोलीला कुलूप लागलं. यंत्रातून किरण गळत असतील म्हणून ते पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने यंत्र खिळ्या-खिळ्यापर्यंत सुटं केलं आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगून पुन्हा जोडलं. दोन खिळे उरले ते खिशात टाकले. भिंती मोजल्या, दार मोजलं, पडदा मोजला. मावशींनी त्या बोळातून जायचं सोडून दिलं आणि पाण्याचं पिंप दुसऱ्या टोकाला नेलं. जेवणाच्या सुट्टीत लांबराव डबा घेऊन बसला की शेजारची माणसं हळूहळू आपापले डबे उचलून पलीकडच्या बाकावर जाऊ लागली. तो एकटाच पोळी मोडत बसे आणि आपलं काय चुकलं ते आठवत राही. एक्स-रेच्या खोलीतलं त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोजणीवाले म्हणून एक गृहस्थ आले. किरणांचा हिशेब करणं हेच त्यांचं काम; वय झालेलं, आवाज मऊ, कानावर पेन्सिल. त्यांनी सांगितलं की बॅजच्या आत धातूच्या बारीक पट्ट्या असतात आणि कोणत्या पट्टीतून काय पार गेलं त्यावरून किरणांची जात कळते. "हे तुमच्या खोलीतले नव्हेत," ते म्हणाले. "हे फार दमाचे. तळमजल्यावरच्या आयोडिनसारखे."

झालं. तळमजल्यावर आयोडिनच्या गोळ्या तीनदा मोजल्या. तीनदाही बरोबर भरल्या, पण तोवर बोळाबोळातून बातमी पोचली होती की लांबरावाने गोळी खिशात घालून नेली. त्याचं कपाट उघडलं. आत एक कंगवा, जुने मोजे आणि पाटी दारावर कोणत्या उंचीवर लावावी याची पाच चित्रं निघाली.

डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवलं. "लांबराव, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. पण हा आकडा कुठून आला ते कळलं नाही तर अधिकारी होणं सोडाच, तुम्हाला एक्स-रेच्या खोलीतही ठेवता येणार नाही."

ती अंधारी खोली, ते उजेडातले फोटो, बावीस वर्षं, सगळं लांबरावाच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्यामागोमाग एक पिवळा पडदाही आला.

"माझ्या बायकोला आयोडिन दिलं होतं," तो म्हणाला.

"आणि बॅज?"

"त्या आठवड्यात घाईत निघायचो. खिशालाच राहायचा."

बॅज घरी नेऊ नये ही सूचना बोळात त्याच्याच अक्षरात लावलेली होती. डॉक्टरबाईंनी बायकोची फाईल मागवली. बायको त्या दिवशी रक्ताच्या तपासणीला तळमजल्यावर आलेली होती, तेव्हा फाईलबरोबर तीही वर आली आणि दारापाशी उभी राहिली.

मोजणीवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढली. गोळी केवढी, दिवस किती, सगळं मांडलं. "घरी कुठे बसत होतात?"

"दोन मीटरवर. पट्टी लावली होती."

पेन्सिल चालली. "दोन मीटरवरून एवढा आकडा यायचा तर रोज एकशे अठ्ठावीस तास बसायला हवं. दिवसाला तास चोवीसच असतात."

लांबरावाने घसा खाकरला. "एखादे वेळी खुर्ची पुढे घेतली असेल. एक मीटर धरा."

"बत्तीस तास. अजून दिवसात मावत नाहीत."

"पलंगाच्या कडेला बसलो होतो. अर्धा मीटर."

"आठ तास. तुम्ही तीनला घरी जाता. या पाचला उठतात." मोजणीवाल्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या मऊ आवाजात चेष्टेचा लवलेशही नव्हता, म्हणून तर ते जास्त अवघड होतं. "दोन तासांत हा आकडा बसवायचा तर अंतर पाव मीटर येतं. म्हणजे वीतभर. बॅज तुमच्या छातीवर आणि आयोडिन यांच्या गळ्यात. वीतभर म्हणजे यांचं डोकं कुठे असेल, ते तुम्हीच सांगा."

लांबराव कानापर्यंत लाल झाला. चोरी कबूल करणं त्याला याहून सोपं गेलं असतं.

"माझ्या खांद्यावर," तो म्हणाला. "ती झोपली की मी पट्टी ओलांडायचो. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरत होता म्हणून नुसता धरला. पाच मिनिटं, असं ठरवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं उशीवरून घसरत होतं. मग रोजच. ऊन यायचं, तिच्या गळ्यात एक काजवा बसलाय असं मला वाटायचं. मग पाच कधी वाजायचे ते कळायचं नाही." "तीन गोष्टींपैकी एकही विसरलो नव्हतो, बाई. वेळ, अंतर, आडोसा. तिन्ही आठवत होत्या. ती झोपली असताना तिच्याच बोटांवर मोजायचो. आणि तरी तिथेच बसलो."

दारातून बायको दोन पावलं पुढे आली. "म्हणजे ते स्वप्न नव्हतं?"

"नाही."

"अहो, मग मी जागी असताना का नाही आलात?"

"तू जागी असताना मी नियम सांगत होतो," लांबराव म्हणाला.

डॉक्टरबाईंनी फाईल पुढे ओढली, "दुपारी भास होतात" या शब्दांवर रेघ मारली आणि शेजारी सही केली. झोपेची गोळीही बंद केली. मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हसू आवरत होत्या की आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता.

निकाल असा लागला. बॅज घरी नेला हा गुन्हा, म्हणून नेमणूक वर्षभर पुढे. पाटी कागदात गुंडाळून माळ्यावर गेली. मात्र एक्स-रेची खोली त्याच्याकडेच राहिली, कारण तो आकडा कामातला नव्हताच. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याने धोका जाणून मर्यादेत राहून जवळ बसायला नियमात जागा आहे. ते खातं वेगळं. मोजणीवाले जाता जाता म्हणाले, "घाबरायसारखा आकडा नाही. पण पुढच्या खेपेला जवळ बसायचं असेल तर आधी मला विचारा. किती वेळ बसता येईल ते मोजून देईन."

त्या वेगळ्या खात्यासाठी एक छापील नमुना होता. लांबरावाने तो तीन प्रतींत स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा होता: "मी सर्व धोका समजून घेऊन, स्वतःच्या इच्छेने, कुणाच्याही दबावाशिवाय माझ्या पत्नीच्या जवळ बसलो." अठरा वर्षांत त्याने बायकोला भाजीच्या यादीपलीकडे काही लिहून दिलं नव्हतं. त्याने मान खाली घालून तिन्ही प्रती लिहिल्या. बायकोने शेजारी बसून तिन्ही वाचल्या, त्यातली अक्षर बरं आलेली निवडली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

ऑफिसातून त्या प्रतीसाठी तीनदा निरोप आला. बायकोने तिन्ही वेळा सांगितलं की ती हरवली. शेवटी लांबरावाला चौथी लिहायला बसवलं. कारकुनाने ती उजेडात धरून वाचली आणि भुवया चढवल्या. "‘जवळ’च्या आधी तुम्ही ‘अगदी’ घातलंय. नमुन्यात ‘अगदी’ नाही."

"असू द्या," लांबराव पेनच्या टोपणाशी चाळा करत म्हणाला. "त्याच्याशिवाय मोजणी जुळत नाही."