पडद्याआडचा टाइस्टो

"माझ्याबरोबर येताय ना, मग डोकं घरी ठेवून आलात तरी चालेल!" असं टाइस्टोने जूनमध्ये जाहीर केलं, आणि त्याचे दोन्ही मित्र खरोखरच डोकं घरी ठेवून आले.

टाइस्टो, रायमो आणि कालेर्वो. फिनलंडातल्या वारकाउसच्या कागद कारखान्यात तिघांनी एकाच यंत्रावर छत्तीस वर्षं काढली. यंत्राचा आवाज एवढा की बोलायची सोयच नाही. म्हणून तर मैत्री टिकली, असं कालेर्वोची बायको म्हणते.

घरगाडी टाइस्टोची. पलंग, चूल, संडास, सगळं चाकांवर. निवृत्त झाल्यावर उत्तरेला, थेट नॉर्वेच्या टोकापर्यंत जायचं म्हणून त्याने आणि बायकोने, हेल्वीने, ती हौसेने घेतली. मग हेल्वी आजारी पडली आणि गेली. गाडी दोन उन्हाळे अंगणात उभी राहिली, आणि टाइस्टो स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडे बघत कॉफी पीत राहिला. एका माणसापुरती कॉफी करायला त्याला अजून जमत नव्हतं. रोज दोन कप व्हायची, आणि दुसरा कप तो सिंकमध्ये ओतायचा. तेव्हा यंदा मित्र आपण होऊन म्हणाले, "चल, जाऊ या," तर त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने नियम केले!

नियम म्हणजे किती? फ्रिजच्या दारावर पाळ्यांचा तक्ता चिकटवला. गाडी कोणी चालवायची, कॉफी कोणी करायची, संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, सगळं पट्टीने रेघा मारून. शिवाय रस्त्यावरच्या रीतिभातीची शिकवणी वेगळीच.

"समोरून घरगाडी आली की हात वर करायचा, हसायचं, आणि पुढे जायचं," तो म्हणाला.

"थांबायचं नाही?" कालेर्वोने विचारलं.

"छे! हात करणाऱ्यासाठी थांबतो तो गावंढळ! प्रत्येकासाठी थांबत बसलास तर पोचशील कधी?"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. टाइस्टोला ते पुढे जन्मभर लक्षात राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मंडळी नॉर्वेत, वारांगरच्या किनाऱ्याला पोचली. एका बाजूला करडा समुद्र, दुसऱ्या बाजूला दगड, आणि नजर पोचेल तिथवर औषधालासुद्धा झाड नाही. न्याहारीला रायमोने शेकोटी पेटवून सॉसेज भाजले. टाइस्टो कॉफीचा तिसरा मग घेऊन आत गेला, तर फ्रिजचं दार बोडकं!

"तक्ता कुठंय?"

"लाकडं ओली होती रे," रायमो म्हणाला.

"आणि तक्ता कोरडा होता, होय?"

"खरं सांगू का लेका? तू लिहितोस छान, पण ते जळतं त्याहून छान!"

कालेर्वो हसला. रायमोही हसला. दोघं मिळून हसले की तिसरा किती एकटा पडतो हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. टाइस्टोला एकदम वाटलं, यांना आपण नकोच आहोत, नुसती गाडी हवी होती. तो तरातरा आत गेला आणि मागच्या पलंगावर चढला.

"मी झोपतोय! मला कोणी उठवायचं नाही! पृथ्वी बुडाली तरी नाही!" आणि त्याने पडदा सर्रकन ओढला.

आता आमच्या फिनलंडात माणूस रुसला की त्याला एकटं सोडतात. समजूत काढायला जाणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी त्याच्या घरात शिरणं. तेव्हा मित्रांनी शहाण्यासारखं गाडी सुरू केली आणि बोलणं कुजबुजीवर आणलं. तासाभराने संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागला. टाकी कोणाची? कालेर्वो म्हणे रायमोची, रायमो म्हणे कालेर्वोची, आणि निकाल देणारा तक्ता तर सॉसेजखाली गेलेला! संडास बंद झाला.

पडद्याआड टाइस्टोच्या पोटात तीन मग कॉफी होती. पुढे गाडी एका थांब्यावर उभी राहिली आणि दोघं देवमासे दिसतात का बघायला समुद्राकडे गेले, तेव्हा त्याचा अगदी जीव चालला होता. पण त्यांच्यासमोरून जायचं कसं? "काय, गेला वाटतं राग?" असं म्हणाले असते! म्हणून तो लांब लोकरी चड्डी, मोजे आणि सपाता अशा थाटात हळूच उतरला, पडदा मागे नीट ओढून, आणि रस्त्यापलीकडे गेला. झाड नसल्यामुळे आडोसा शोधायला बरंच चालावं लागलं. शेवटी एक मोठा खडक सापडला.

तो परत आला तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीची पाठ दिसली. ती लहान होत गेली, वळणावर चमकली आणि गेली.

आधी त्याला हसू आलं. पाच मिनिटांत येतील बोंबलत! पाचाची वीस झाली. फोन गाडीत. बोचरा वारा चड्डीतून थेट हाडांशी बोलायला लागला. इतक्यात लांबून एक घरगाडी आली. टाइस्टोने हात वर केला. आतल्या जर्मन नवरा-बायकोने हसून हात वर केला, आणि ते पुढे गेले.

दुसरी आली. त्याने दोन्ही हात हलवले. त्यांनीही दोन्ही हात हलवले! तिसरीपुढे त्याने उड्या मारल्या, तर आतल्या डच बाईने बसल्या जागी उड्या मारून दाखवल्या आणि नवऱ्याने भोंगा वाजवला! तेवीस गाड्या गेल्या. तेवीस कुटुंबांनी त्याचं तोंडभरून स्वागत केलं आणि कोणी म्हणून थांबलं नाही. इतकी माणसं एका दिवसात त्याच्याकडे बघून कधी हसली नव्हती, आणि इतकं एकटं त्याला हेल्वीच्या दफनाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

"दमला नाहीत का हो?" मागून आवाज आला.

मागे एक म्हातारी उभी होती, हातात दुर्बीण. टेकाडावरच्या एकुलत्या एक लाल घरातून उतरून आलेली. तिकडच्या जुन्या लोकांना आमची फिनिश भाषा येते, आजीच्या काळातली, जरा गंजलेली.

"मी दीड तास बघतेय तुमचा व्यायाम," ती म्हणाली. "म्हटलं फिन माणूस दिसतोय, करत असेल. पण मग म्हटलं, पँट का नाही?"

"मला विसरून गेले," टाइस्टो म्हणाला.

बाईंचं नाव बोर्गहिल्ड. त्यांनी त्याला घरी नेलं, कपाटातून नवऱ्याची पँट काढून दिली आणि वॉफल भाजायला घेतले. पँट लांबीला चार बोटं कमी, घेराला दोन माणसांची.

"तुमच्या यजमानांना लागेल ना?"

"नऊ वर्षं झाली जाऊन. आहे आपली कपाटात." बोर्गहिल्डबाईंनी फोन पुढे सरकवला. "करा मित्रांना."

टाइस्टोने फोन उचलला आणि तसाच बसला. रायमोचा नंबर? कालेर्वोचा? ते सगळे त्याच्या फोनला पाठ होते, त्याला नाही! त्याला जगात एकच नंबर पाठ होता. हेल्वीचा.

आणि हेल्वीचा फोन गाडीतच होता. चमच्यांच्या खणात. दर रविवारी टाइस्टो तो चार्ज करून ठेवायचा. कशासाठी, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं. ती नसलेल्या घरात तिचा फोन तरी जिवंत असावा, एवढंच.

त्याने नंबर फिरवला.

तिकडे भर वेगातल्या गाडीत चमच्यांचा खण वाजायला लागला. रायमोने गाडी जवळजवळ समुद्रात घातली, असं तो पुढे कबूल करतो. बऱ्याच वेळाने कालेर्वोचा कापरा आवाज आला.

"हॅ... हॅलो? हेल्वी?"

"मी टाइस्टो!"

"कोण टाइस्टो?"

"किती टाइस्टो माहितेत तुला? मीच!"

"टाइस्टो मागे झोपलाय. आणि तुम्ही जे कोण आहात ते हळू बोला, तो उठेल!"

"अरे गाढवा, मागे जाऊन बघ!"

"उठवायचं नाही म्हणून सांगितलंय त्याने. पृथ्वी बुडाली तरी."

"कालेर्वो! रायमोला विचार, तक्ता कोणी जाळला?"

पलीकडे कुजबुज झाली. पावलं वाजली. पडद्याच्या कड्या सरकल्या.

"टाइस्टो," कालेर्वो हळूच म्हणाला, "तू मागे नाहीयेस."

"ते मला माहितेय!"

अडीच तास पुढे गेले होते ते. म्हणजे अडीच तास परत. टाइस्टो खिडकीशी बसून राहिला. अडीच तास, आणि एकालाही पडदा उचलावासा वाटला नाही! तो चिडला नव्हता, त्याला नुसतं वाईट वाटत होतं. घरी आपण असेच नाहीसे झालो तर कोणाला कधी कळेल, याचा हिशेब त्याने मनाशी केला, आणि उत्तर काही बरं आलं नाही. बोर्गहिल्डबाई कॉफी ओतत राहिल्या.

"तुम्ही किती कप करता?" त्याने मध्येच विचारलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "आज बरं झालं, फुकट नाही गेला."

चारच्या सुमारास गाडी टेकाडाखाली येऊन थांबली. दोघं शाळेतल्या पोरांसारखे दारात उभे राहिले. टाइस्टो पँट सोडायला लागला तर बाईंनी हात धरला. "राहू द्या. नऊ वर्षांनी कुठेतरी फिरायला निघालीय ती." बाई दारात उभ्या राहिल्या आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत होत्या. टाइस्टोने खिडकीची काच खाली करून हात हलवला.

गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागली. मग टाइस्टोच म्हणाला, "एकदा तरी बघायचं होतंत."

"बघायचं होतंत?" कालेर्वो उसळला. "अरे, तासभर बोलत होतो आम्ही तुझ्याशी!"

"माझ्याशी?"

"पडद्याशी! रायमोने तक्त्याबद्दल माफी मागितली. मग मी बोललो. हेल्वीबद्दल बोललो. तुझ्याबद्दल बोललो. छत्तीस वर्षांत जे कधी बोललो नव्हतो, ते सगळं बोललो!"

टाइस्टो पुढे वाकला. "काय बोललास?"

"झालं ना बोलून."

"मी नव्हतो ना तिथे!"

"त्याला मी काय करू? बोललो ते बोललो."

"निदान थोडक्यात?"

"मला तर गाडी चालवता चालवता रडू आलं होतं," रायमो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आता परत नाही जमायचं बाबा. टाकी मी रिकामी केलीय, ते बघ."

टाइस्टोने चमच्यांचा खण उघडला. हेल्वीचा फोन तिथे नव्हता. तो पुढे, रायमोच्या सीटशेजारी, चार्जिंगला लावलेला होता. तो खणात का, असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइस्टोने कॉफी पातळ आहे म्हणून भांडण काढलं. कॉफी चांगली दाट होती. "मी रुसलोय!" असं स्पष्ट सांगून तो पलंगावर चढला, पडदा ओढला आणि कान टवकारून पडून राहिला. आता बोलतील. आता सुरू होईल. अर्धा तास गेला. पुढे रायमोने नाक शिंकरलं. कालेर्वो म्हणाला, "डावीकडे."

मग पावलं वाजली. जवळ आली. टाइस्टोने डोळे गच्च मिटले. पडदा दोन बोटं बाजूला झाला, कोणीतरी आत डोकावलं आणि पडदा पुन्हा पडला.

"आहे!" कालेर्वो ओरडला.

"बरं," रायमो म्हणाला.

दर अर्ध्या तासाने हेच. पाळीपाळीने, तक्ता नसताना! याहून जास्त दोघांपैकी कोणी एक अक्षर बोललं नाही. टाइस्टोने रुसवा मात्र संध्याकाळपर्यंत लांबवला.