छोट्या सरकारांचा पासपोर्ट आणि चार कान

पांढरी चादर, इस्त्रीची. टोपरे, लोकरीचे. कान चार. शिक्का एक. "दाखव की जरा."

ऐसे तुकडे हाती असता लेखकाने त्यांची मोट बांधिली आहे. वाचणारांनी धीर धरावा, मोहिमेत तोच खर्ची पडला.

तर छोट्या सरकार, वय सहा महिने, दात अद्याप नाहीत, यांस समुद्रापलीकडे आजीसाहेबांचे भेटीस जाणे होते. आजीसाहेब म्हणजे पिताश्रींच्या मातोश्री. त्यांचे गुडघे फितूर जाहले, सबब येणे तहकूब, आणि नात पाहिली ती फोनच्या काचेत, तीही कायम टोपऱ्यासहित, हे पिताश्रींचे धोरण. विमानाची तिकिटे काढिली होती, आणि पासपोर्टावाचून सरहद्द कोणास ओलांडू देत नाहीत, मग दात असोत वा नसोत.

पासपोर्टास फोटो पाहिजे. त्याचे फर्मान कडक: मागे पांढरे, डोळे उघडे, तोंड मिटलेले, दोन्ही कान जाहीर, आणि दुसऱ्या इसमाचा मागमूस नसावा. छोट्या सरकारांस तर बसता येईना. मग पिताश्रींनी मसलत काढिली की आपण खुर्चीवर बसावे आणि मस्तकावरून चादर घ्यावी आणि मांडीवर कन्येस धरून सिंहासन व्हावे. आईसाहेबांनी टोपरे उतरविले, फोन रोखिला आणि ताकीद दिली, "हलू नकोस. आज तू फर्निचर आहेस." पिताश्री फर्निचर जाहले. उभ्या कारकिर्दीत त्यांस इतका शोभेलसा हुद्दा मिळाला नव्हता.

मग स्वारी कचेरीत दाखल जाहली. खिडकीवरील बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारिले, "मागे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग हे कान कोणाचे?"

पाहतात तो चादरीआडून पिताश्रींचे दोन कर्ण, सुपाएवढे, बुरुजांसारखे उभे. हे कर्ण त्यांस कैलासवासी वडिलांकडून वतनात आले होते. चादरीने नाक झाकिले, हनुवटी झाकिली, अब्रूही थोडीबहुत झाकिली, परंतु वतन झाकेना. तेव्हा हुकूम जाहला की कान चार, मंजुरी दोहोंची, सबब फोटो रद्द. कोपऱ्यात फोटोवाला आहे, खिडकी मिटण्याआत नवा आणावा, न आणल्यास पुढील तारीख, आणि ती विमान उडून गेल्यानंतरची.

फोटोवाल्याने चादर मेजावर अंथरून बाळास तिजवर निजविण्यास सांगितले. "हेच मी घरी म्हणत होते," आईसाहेब म्हणाल्या. "पण तुला सिंहासन व्हायचं होतं."

चादर अंथरली, आणि छोट्या सरकार तीवर गाढ झोपी गेल्या. मग गाल चोळिले, तळव्यांस गुदगुल्या करून पाहिल्या, पिताश्री मांजर जाहले, कुत्रा जाहले, भरल्या कचेरीत कोंबडाही जाहले. रांगेतील एक आजोबा म्हणाले, "बाळ सोडून सगळे उठले. आता पुरे करा."

इतक्यात बाईंनी कोणाच्या अर्जावर शिक्का हाणिला. धप्प. छोट्या सरकारांनी नेत्र उघडिले, छतास निरखिले, मिटिले.

"ताई, अजून एक मारा ना," फोटोवाला म्हणाला.

"उगाच कसा मारू? कागद लागतो."

तेव्हा तेच आजोबा कागद घेऊन पुढे सरले. बाईंनी ते सावकाश तपासिले, एक पान उलटून पुन्हा तपासिले, आणि अवघी रांग श्वास रोधून उभी, आणि खिडकी मिटण्याची वेळ गळ्याशी आली, आणि मग शिक्का उचलिला. धप्प. डोळे उघडे, तोंड मिटलेले, कान दोन, तेही तंतोतंत वतनी.

बाईंनी नवा फोटो पाहिला, पिताश्रींस पाहिले. "वडील तुम्हीच, याबद्दल शंका नाही."

येणेप्रमाणे अर्ज दाखल जाहला, पासपोर्ट तिकिटाच्या तारखेआधी हाती आला, मोहीम फत्ते. श्रेय शिक्क्यास. कोंबड्याची नोंद पिताश्रींच्या विनंतीवरून कमी करावयाची होती, ती राहून गेली.

नात जन्मली त्या दिवशी आजीसाहेबांनी फोनवर विचारिले होते, "कान ह्यांच्यावर गेलेत का रे? दाखव की जरा." आणि पिताश्रींनी ते भेटीसाठी राखून टोपरे घातले होते.