बाबांच्या लेन्सवरचा ठिपका

रविवारी सकाळी धाकट्याने बाबांची जुनी लेन्स स्पिरिटने पुसायला घेतली आणि दीड तास पुसली. तो रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. दिवसभर काचपट्ट्या पुसून पुसून काचेवरचा डाग त्याला आपल्या अंगावरचाच वाटायचा. लेन्सच्या रिंगवर कुठलासा लाल थेंब वाळून बसला होता. नखाने निघेना, तेव्हा त्याने स्पिरिटचा बोळा दाबून धरला आणि कणभरही शिल्लक ठेवला नाही. लेन्सच्या डब्यात एक गाठ मारलेली मळकी दोरी होती. ती कचऱ्यात गेली, आणि तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी येऊनही गेली.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं, बारशी, पासपोर्ट सगळं काढलं. पण आईबाबांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हटलं की बाबांना काहीतरी काम आठवायचं. आता दोघं थोरल्याकडे राहायची आणि चार दिवसांसाठी इकडे आली होती. आज पाच वाजता परत निघायची होती.

"माझ्या लेन्सने काढणार असशील तर बसतो," बाबा आदल्या रात्री म्हणाले होते. "एकदाच. फोनबिन मला चालणार नाही."

धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. नव्या डिजिटल कॅमेऱ्याला ती लेन्स बसावी म्हणून मध्ये घालायची जोडकडी त्याने कधीच मागवली होती. पहिली चुकीची आली, दुसरी बसली. दोन महिने त्याने बायकोला जुन्या काचेचं कौतुक ऐकवून हैराण केलं होतं.

दुपारी चारला आई ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत बसली. शेजारच्या खुर्चीत बाबा, कोट घालून. धाकट्याने बटण दाबलं. कॅमेऱ्याने पडद्यावर लिहिलं, 'लेन्स जोडलेली नाही.'

"अहो, त्याला पण पटलेलं दिसत नाही," बायको म्हणाली.

"जुनी लेन्स त्याच्याशी बोलत नाही, एवढंच. आतमध्ये एक सेटिंग असतं." ते सेटिंग सापडायला वीस मिनिटं गेली. बाबांच्या कोटाची कॉलर घामाने भिजली, पण ते उठले नाहीत.

मग फोटो निघू लागले. एकात मागच्या पडद्याचा धागान् धागा मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता, आईबाबा मात्र धुक्यात. दुसऱ्यात बाबांच्या बुटाची नाडी झकास आली होती.

"चष्मा लावा की," बायको म्हणाली.

"चष्म्याचा काय संबंध? यात आपोआप काही होत नाही, हाताने जुळवावं लागतं. बाबांसारखी नजर पाहिजे." असं म्हणून तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आईचं नाक कलिंगडाएवढं करून बघायचा, रिंग फिरवायचा आणि पुन्हा चुकायचा. चाळीस फोटो झाले.

शेवटी बाबाच म्हणाले, "अरे, ठिपक्यावर आण ना."

"कुठला ठिपका?"

"रिंगवर लाल ठिपका आहे बघ. तुझ्या आईच्या नेलपॉलिशचा."

धाकट्याने कोऱ्या रिंगवरून अंगठा फिरवला. "तो मी पुसला, बाबा. मला वाटलं, घाण आहे."

"बरं. दोरी आहे ना?"

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

"दोरीची गाठ गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची आणि रिंग ठिपक्यावर आणायची," बाबा म्हणाले. "मग दिसायची गरजच नाही. शेवटची दहा वर्षं मला कुठे धड दिसत होतं?"

फोटोआधी नाकाशी दोरी धरायची ही बाबांची ऐट, असं गावभर समजत. धाकटाही तेच समजत आला होता, म्हणून तर दोरी टाकली. त्याला फार वाईट वाटलं, आणि सगळ्यात जास्त वाईट त्या 'नजर पाहिजे'चं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणून तर गाठ मोठी मारून दिली होती, हाताला लागावी म्हणून."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाबा उठले. "तू बस माझ्या जागी. रिंग कुठवर येते ते माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे." आईने दोरी स्वतःच मापून दिलेली, त्यामुळे तिने दोन्ही हात पसरून दीड वेळा अंतर मोजलं बाबांना कॅमेरा देऊन तिथे उभं केलं आणि परत खुर्चीत जाऊन बसली. बाबांनी डोळे मिटून रिंग फिरवली, जराशी मागे घेतली आणि बटण दाबलं.

फोटो असा आला की आईच्या पापण्या मोजाव्यात.

"आता रिंगला हात लावू नका कुणी," धाकटा धावत उठला. "बाबा, बसा लवकर." बाबा बसले, कॉलर नीट केली, आईने त्यांच्या कोटावरचा दोरा काढला. धाकट्याने बाबा उभे होते तिथूनच बटण दाबलं आणि कॅमेरा काळाठिक्कर पडला. नाक मोठं करून बघण्यात बॅटरी संपली होती. दुसरी बॅटरी सकाळपासून चार्जिंगला होती. भिंतीवरचं बटण तेवढं चालू करायचं राहिलं होतं.

बायकोने फोन काढला, तोवर बाबा कोटाची बटणं सोडत होते. "राहू दे. पुढच्या खेपेला काढू," ते म्हणाले. हॉर्न पुन्हा वाजला.

पुढच्या खेपेला आई एकटीच आली.

धाकट्याने रिंगवर नवा ठिपका दिला आहे. जागा बरोबर आहे की नाही, हे सांगायला आता कुणी नाही. तो एक फोटो मात्र त्याने मोठा करून भिंतीवर लावला. त्यात आईशेजारी तो स्वतःच बसला आहे, तोंड अर्धवट उघडं, आणि आईची नजर लेन्सच्या जरा वर आहे.

येणारा-जाणारा विचारतो, "यात बाबा नाहीत का?"

"आहेत की," आई म्हणते. "मी कुणाकडे बघतेय मग?"