मेव्हणीची चार मिनिटं

मी कडेची खुर्ची मागितली आणि तिथेच फसलो.

आमच्या जवळच्या सिनेमागृहात हल्ली दूरच्या शहरात चाललेलं नाटक थेट पडद्यावर दाखवतात. त्या दिवशीच्या नाटकात माझी मेव्हणी मोलकरीण होणार होती. काम चार मिनिटांचं, पण अकरा वर्षं धडपडून मिळालेलं. तिच्या मागच्या नाटकात मी घोरलो होतो (पहिल्या रांगेत). तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

"अहो, या वेळी काही घोळ घातलात ना, तर माझ्या माहेरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही," बायकोने बजावलं.

"तुला?"

"तुम्हाला!"

मला खरंच धास्ती होती. मेव्हणीचा अबोला मला फार जड जात होता. पण मी जन्माचा चुळबुळ्या. पाऊण तास कसाबसा तग धरला. मग उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग डाव्याला, मग मला वाटतं डोक्यालाही. पडद्यावर दोन म्हातारे खिडकी उघडावी की नाही यावरून भांडत होते आणि उघडायचं काही नाव घेत नव्हते. बायको टक लावून बघत होती. दोन मिनिटांत येतो, असं स्वतःलाच सांगून मी सटकलो.

लॉबीत तीन फेऱ्या मारल्या. वजनाच्या यंत्रावर उभा राहिलो (आकडा बघून आणखी पाच फेऱ्या मारल्या). परत आलो तर आत दिवे लागलेले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, बायकोही जागेवर नाही. आणि पडद्यावर, रिकाम्या रंगमंचावर, निळा एप्रन घातलेली एकटी बाई केर काढत होती.

मेव्हणी! तोंड पलीकडे होतं, पण नात्यातलं माणूस पाठीवरूनही ओळखू येतं. लोक उठून गेले होते; नवीन पद्धतीचं नाटक सगळ्यांना थोडंच झेपतं? बायकोला भरून आलं असणार, म्हणून ती बाहेर गेली असणार.

एक शब्द नाही, संगीत नाही. ती वाकली, सुपलीत केर भरला आणि कंबर धरून क्षणभर उभी राहिली. काय ते कंबर धरणं! अकरा वर्षांचे कष्ट त्यात दिसत होते. मी रुमालाने डोळे पुसले. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतले एक आजोबा दचकून जागे झाले.

बायको परत आली, डोळे लाल. "पाहिलंत?"

"पाहिलं. रडलो."

तिने चारचौघांत माझा हात हातात घेतला. लग्नानंतर हे प्रथमच.

नाटक संपल्यावर तिने बहिणीला फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊजी, खरंच आवडलं?"

"अगं, काय तो केर काढलास! आणि एकही शब्द न बोलता!"



"भाऊजी, मी चार मिनिटं सलग बोलत होते. केर मध्यंतरात इथल्या थिएटरच्या सफाईवाल्या मावशींनी काढला, कॅमेरा चालूच होता."

मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना. हसता हसता माझ्याशी बोलायलाही लागली. अबोला तेवढा बायकोकडे गेला.

पुढच्या महिन्यात दुसरं नाटक आहे. बायकोने एकच तिकीट आणलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुम्ही मध्यंतरात या," ती अबोला सोडून म्हणाली. "त्याला तिकीट लागत नाही."